अकरा नावांची यादी: एका सहायक प्रशिक्षकाच्या नकाराचं प्रकरण

बेळगावातल्या एका फुटबॉल क्लबने आपल्या सहायक प्रशिक्षकांना मुख्य प्रशिक्षक व्हायला सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं. पुढच्या हंगामाआधी पुन्हा विचारलं, तेव्हाही नाहीच म्हटलं. मी त्या क्लबच्या कार्यकारिणीवर आहे. दोन्ही बैठकांना हजर होतो, आणि नंतर या माणसाशी निवांत बसून बोललोही. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे. त्या नकाराचा अर्थ बैठकीत बहुतेकांनी उलटा लावला, आणि इतर क्लबांतही तो तसाच लावला जातो, म्हणून हे सविस्तर मांडायला हवं असं वाटलं. क्लबचं नाव देत नाही. मुलं त्यांना मामा म्हणतात, म्हणून इथेही मामाच.

माणूस आणि मैदान

बेळगावचा फुटबॉल वाढला तो कॅम्पातल्या छावणीच्या आणि मिशनऱ्यांच्या शाळांच्या मैदानांवर. सेंट पॉल्सच्या मैदानावरची फादर एडी स्मृती स्पर्धा शाळकरी पोरांना आजही मोठी वाटते. पुढे हा खेळ टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत गेला. चोर्ला घाट उतरला की गोवा आणि निपाणी ओलांडली की कोल्हापूर. दोन्हीकडे फुटबॉल म्हणजे घरचा विषय, त्यामुळे आमची चांगली पोरं दोन्ही बाजूंनी ओढली जातात आणि राहतील त्यांच्यातून दरवर्षी संघ उभा करावा लागतो. अशा गावात सहायक प्रशिक्षक फार महत्त्वाचा असतो. तयार खेळाडू येतात तिथे मुख्य प्रशिक्षकाच्या डावपेचांवर भागतं. खेळाडू घडवायचे असतील तर रोज सकाळी साडेपाचला मैदानावर उभा राहणारा माणूस लागतो.

मामा खानापूर तालुक्यातले, अनुदानित मराठी शाळेत पीटीचे मास्तर. स्वतः सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू म्हणून खेळले. आमच्या संघाची बचावफळी, कॉर्नर आणि फ्री किकची सगळी मांडणी, प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी आणि पंधरा वर्षांखालच्या पोरांची तुकडी, एवढं त्यांच्याकडे. मिरगाचा पाऊस लागला की आमचं लाल मातीचं मैदान असं होतं की जमिनीलगत दिलेला पास मध्येच थांबतो. त्या दिवसांसाठी मामांनी बचावपटूंना वेगळी सवय लावली आहे. स्वतःच्या अर्ध्यात आडवा पास द्यायचा नाही, चेंडू सरळ बाजूच्या रेषेकडे उंच मारायचा आणि तो खाली पडून सुटला की त्या दुसऱ्या चेंडूसाठी तिघांनी एकत्र धावायचं. आम्ही पावसाळ्यात कमी गोल खातो त्याचं कारण हे आहे. स्थानिक दैनिकात सामन्याची बातमी येते तेव्हा मात्र त्यांचं नाव कधी नसतं.

मुख्य प्रशिक्षक गोव्यात चांगली नोकरी मिळाली म्हणून गेले, आणि कार्यकारिणीला वाटलं की आता प्रश्नच नाही, मामा आहेतच. ठराव लिहूनही झाला होता. मामा म्हणाले, “नको. मी जिथं आहे तिथं बरा आहे.” आणि चहा न घेता उठून गेले.

लावलेले अर्थ

ते गेल्यावर बैठकीत तीन अर्थ निघाले. मानधन वाढवून हवं असेल, हा पहिला. हरलं की शिव्या खाव्या लागतात, त्याला भितात, हा दुसरा. तिसरा अर्थ सगळ्यात वाईट होता: शाळामास्तर आहेत, महत्त्वाकांक्षा नाही.

पैशाचा मुद्दा लगेच निकालात निघाला. खजिनदारांनी आकडा वाढवून निरोप पाठवला आणि उत्तर बदललं नाही. भीतीचं म्हणाल, तर गुडघ्याला टाके असताना खेळलेला हा माणूस आहे. महत्त्वाकांक्षा नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांची वही बघावी. जिल्ह्यातल्या प्रत्येक संघाचा कॉर्नर कोण मारतो, कुठल्या पायाने मारतो, पहिल्या खांबावर कोण धावतो, हे सगळं त्यात आहे. महत्त्वाकांक्षा आहे, ती पदाची नाही इतकंच. हा फरक आपल्याकडे लक्षात घेतला जात नाही, कारण नोकरीत वर चढणं हीच प्रगती, असं शाळेपासून शिकवलेलं असतं.

खरं कारण समजायला आधीच्या हंगामातली एक घटना सांगावी लागेल.

चार सामने

मुख्य प्रशिक्षकांना भर पावसाळ्यात डेंग्यू झाला. लीग चालू होती. चार सामने मामांनी संघ सांभाळला आणि आम्ही एकच हरलो. कार्यकारिणीच्या दृष्टीने हा उत्तम निकाल होता, आणि पुढचा ठराव त्याच आधारावर आला. मामांच्या दृष्टीने ते चार सामने वेगळेच होते.

आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, वडगावचा, विणकराच्या घरातला पोरगा. सराव संपला की तो मामांजवळ येऊन बसायचा. मांडी ओढते आहे, घरात माग बंद आहे, बुटाचा तळ निघाला आहे, सगळं सांगायचा. मामा त्यातलं जे सांगायला हवं ते मुख्य प्रशिक्षकांच्या कानावर घालायचे आणि बाकीचं स्वतः निस्तरायचे. त्या चार सामन्यांत हा पोरगा येऊन बसायचा बंद झाला. तिसऱ्या सामन्यात धावता धावता कोसळला. मांडीच्या मागचा स्नायू फाटला होता आणि दुखणं दहा दिवसांपासूनचं होतं. हंगाम गेला.

मामांनी विचारलं, “मला सांगितलं का नाहीस?”

पोरगा म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही बसवलं असतं की, मामा.”

या एका उत्तरात सगळं प्रकरण आहे. मामा तेच होते, पोरगा तोच होता, बसायचा कठडाही तोच. फक्त सामन्यात कोण खेळणार आणि कोण बाहेर बसणार, ती अकरा नावांची यादी मामांच्या हातात आली होती. ज्याच्या हातात यादी असते त्याला खेळाडू आपलं दुखणं सांगत नाही, घाबरलोय असं सांगत नाही, घरातलं भांडण सांगत नाही. सहायक प्रशिक्षकाला त्या यादीबाहेर राहिल्यामुळे जे कळतं, त्यावरच त्याचं अर्धं काम चालतं. मामा मला म्हणाले, “पोरगं खोटं बोललं नाही गा. माझी जागा बदलली, म्हणून त्याला माझ्याशी बोलता येईना.”

कार्यकारिणीच्या हिशेबात तीन निकाल चांगले आणि एक वाईट. मामांच्या हिशेबात एक मांडी गेली, आणि तीही त्यांना आधी कळायला हवी होती अशी.

यादी गावात कशी वाचली जाते

दुसरं कारण आमच्या सीमाभागाचं आहे, आणि ते स्पष्ट लिहिलं पाहिजे. आमच्या संघात मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलणारी पोरं एकत्र खेळतात. मैदानावर याचा त्रास कधीच नसतो. मामा कॅम्पातल्या गोलकीपरशी हिंदीत बोलतात, बैलहोंगलकडच्या विंगरशी (कडेने चढाई करणारा खेळाडू) कन्नडमध्ये, बाकीच्यांशी मराठीत. पोरं एकमेकांवर ओरडतात त्या भाषेला तर नावच नाही, ती तिन्हींची मिसळ आहे. पण यादी मैदानाबाहेर गेली की तिचं वाचन बदलतं.

त्याच चार सामन्यांत एकदा मैदान ओलं म्हणून मामांनी विंगरला बसवलं आणि जादा बचावपटू घेतला. विंगर कन्नड, बचावपटू मराठी. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर चर्चा सुरू झाली की आपल्या माणसाला घेतलं. पुढच्या सामन्यात खानापूरचा एक पोरगा बसवला, तर गावाकडून फोन आला की आपल्याच पोराला बसवलंस म्हणून. पहिल्या चर्चेत जितकं खरं होतं तितकंच दुसरीत. म्हणजे काहीच नाही. पण दोन्हीकडून एकाच माणसाला बोलणी बसली. मुख्य प्रशिक्षक बाहेरचा, गोव्याचा, त्यामुळे त्याच्या यादीला असा अर्थ चिकटत नव्हता. मामा इथलेच. त्यांचं आडनाव, गाव, शाळा सगळ्यांना ठाऊक. त्यांनी केलेली प्रत्येक निवड कुणाच्या तरी घरापर्यंत पोचते.

या कारणाला भित्रेपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सगळ्या भाषांची पोरं ज्याच्यावर सारखाच विश्वास ठेवतात असा माणूस या गावात सहज मिळत नाही. तो विश्वास यादीच्या भांडणात खर्च होऊ न देणं हा क्लबचाच फायदा आहे.

बाकीची कारणं लहान आहेत. मुख्य प्रशिक्षकाला देणगीदारांकडे जावं लागतं, पालकांना तोंड द्यावं लागतं, क्रीडा खात्याकडे कन्नडमध्ये अर्ज लिहावे लागतात. मामा कन्नड सफाईने बोलतात, लिहायला मात्र दुसऱ्याची मदत घेतात. शाळेच्या व्यवस्थापनाने परवानगी दिली आहे ती शाळेच्या वेळेबाहेरच्या कामाला. प्रशिक्षकांच्या लायसन्सची शिडी डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशी आहे. मामांकडे डी आणि सी आहे. पुढच्यासाठी रजा आणि पैसा दोन्ही लागतात. आणि मुख्य प्रशिक्षकाची जागा एका हंगामाची असते, शाळेची नोकरी निवृत्तीपर्यंतची.

मोठ्या मैदानांवरचे दाखले

दुसऱ्या बैठकीत आमच्या अध्यक्षांनी बॉब पेस्ली यांचा दाखला दिला. दाखला वजनदार होता. 1974 मध्ये मुख्य प्रशिक्षक बिल शँक्ली यांनी इंग्लंडमधला लिव्हरपूल क्लब सोडला तेव्हा त्यांचे सहायक पेस्ली यांना मुख्य पद नकोच होतं. गळ घातल्यावर घेतलं आणि 1983 पर्यंतच्या 9 हंगामांत 6 वेळा लीग आणि 3 वेळा युरोपियन कप जिंकून दाखवला. अध्यक्षांचं म्हणणं असं की नको म्हणणाऱ्याला आग्रह केला की असं काही घडू शकतं.

मी त्यावर त्याच क्लबमधलं दुसरं नाव सांगितलं: रॉनी मोरान. खेळाडू आणि मग प्रशिक्षक म्हणून हे गृहस्थ 1998 पर्यंत, जवळपास अर्धं शतक, लिव्हरपूलमध्येच राहिले. 1991 मध्ये मुख्य प्रशिक्षक केनी डालग्लिश अचानक पायउतार झाले तेव्हा मोरान यांनी काही सामने संघ सांभाळला आणि मग पुन्हा आपल्या जागी परतले. 1992 च्या एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नवे मुख्य प्रशिक्षक ग्रॅहम सूनेस हृदयाच्या शस्त्रक्रियेतून सावरत होते, तेव्हा संघाला वेम्बलीवर घेऊन मोरानच आले. लिव्हरपूल जिंकलं. पेस्ली यशस्वी झाले त्याचं एक कारण हेच की ते वर गेले तेव्हा खाली मोरान आणि जो फेगन नावाचे दुसरे प्रशिक्षक होते. आमच्याकडे मामा वर गेले तर खाली कोण? बैठकीत याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला निर्णायक प्रश्न तोच होता.

ब्रायन किड यांचं उदाहरण तर अंगावर येतं. 1991 पासून ते मँचेस्टर युनायटेडमध्ये ॲलेक्स फर्ग्युसन यांचे सहायक. तरुण खेळाडू घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. डिसेंबर 1998 मध्ये ते ब्लॅकबर्न रोव्हर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. ब्लॅकबर्न 1995 चा लीग विजेता, पण तेव्हा घसरणीला लागलेला. मे 1999 मध्ये ब्लॅकबर्न खालच्या श्रेणीत गेला, तोही युनायटेडविरुद्धच्या 0-0 बरोबरीच्या सामन्यात. नोव्हेंबरमध्ये किड यांना काढलं. इकडे युनायटेडने किड गेल्यावर फेब्रुवारी 1999 मध्ये स्टीव्ह मॅकलॅरेन यांना सहायक म्हणून आणलं आणि त्याच हंगामात लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही मोठे चषक जिंकले. पुढे किड पुन्हा सहायक झाले आणि 2009 ते 2021 मँचेस्टर सिटीत मँचिनी, पेलेग्रिनी, ग्वार्डिओला अशा तीन वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांसोबत राहिले. त्या काळात सिटीने 5 लीग जिंकल्या. यात किड कमी पडले असं मी म्हणत नाही. एका कामात असामान्य असलेल्या माणसाला आपण दुसऱ्याच कामाला लावतो आणि त्याला बढती म्हणतो, एवढंच दिसतं.

आर्सेनलचं उदाहरण लहान आहे पण नेमकं आहे. 1996 मध्ये मुख्य प्रशिक्षक ब्रूस रिऑक यांना काढल्यावर सहायक स्टुअर्ट ह्यूस्टन यांनी काही काळ संघ पाहिला, मग ते क्वीन्स पार्क रेंजर्सचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले आणि रिऑकच तिथे त्यांचे सहायक झाले. आर्सेनलची तात्पुरती सूत्रं पॅट राइस यांच्याकडे आली. नवे मुख्य प्रशिक्षक आर्सेन वेंगर येताच राइस सहायक झाले आणि 2012 पर्यंत सहायकच राहिले. 1971 च्या दुहेरी विजेतेपदात (एकाच हंगामात लीग आणि एफए कप) ते खेळाडू होते, 1998 आणि 2002 च्या दुहेरी विजेतेपदांत सहायक.

आपल्याकडचे दाखले लावताना मात्र जपून बोललं पाहिजे. खालिद जमील नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक होते, 2021 मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) मधले पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय संघाचे. त्याआधी 2017 मध्ये ऐझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती ती मुख्य प्रशिक्षक म्हणूनच. त्यांना यादी हातात हवी होती आणि ती पेलताही येत होती. गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा यांनी 2023 मध्ये हंगामी प्रशिक्षक म्हणून ओडिशाला सुपर कप जिंकून दिला आणि पुढच्या हंगामात ते मोहन बागानमध्ये सहायक होते. याला टाळणं म्हणता येणार नाही. मोठ्या क्लबांतल्या मुख्य जागा बहुतेक परदेशी प्रशिक्षकांना जातात, म्हणून आपले कितीतरी चांगले प्रशिक्षक सहायक राहतात. जागा मिळत नाही म्हणून खाली राहिलेला आणि समोर आलेली जागा नाकारलेला, हे दोघे बाहेरून सारखेच दिसतात. त्यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. आमच्या बैठकीत नेमकं तेच चाललं होतं.

एका पानाचा करार

दुसऱ्या नकारानंतर कार्यकारिणीने आग्रह सोडला आणि मामांना विचारलं की तुम्हाला काय हवं ते लिहून द्या. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. मामांनी एक पान लिहून आणलं.

त्यात पहिलं असं की अकरा नावं मुख्य प्रशिक्षकच ठरवेल. मामांचं मत तो खासगीत विचारू शकतो, पण “मामांनी सांगितलं म्हणून तुला बसवलं” असं कुठल्याही पोराला सांगायचं नाही. दुखापतीचं कलम मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. दुखणं मामांना सांगितलं तर ते मुख्य प्रशिक्षकापर्यंत जाईलच, हे पोरांना हंगामाच्या सुरुवातीलाच सांगायचं. मात्र दुखणं आधी सांगणाऱ्याला बरा झाल्यावर आपली जागा परत मिळवायची पहिली संधी असेल, हेही त्याच वेळी सांगायचं. म्हणजे लपवण्याचं मूळ कारणच काढून टाकायचं. मुख्य प्रशिक्षक गैरहजर असेल तर मामा एकच सामना सांभाळतील, दुसऱ्यापासून कार्यकारिणीने दुसरी सोय करायची. मानधन बारा महिन्यांचं हवं, कारण पंधरा वर्षांखालची पोरं हंगाम संपल्यावरही येतात. आणि शेवटी, संघाच्या प्रत्येक पत्रकात सहायक प्रशिक्षकाचं नाव छापायचं. हे शेवटचं वाचून काहींना आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. पद नको म्हणणाऱ्या माणसाला मान नको असतो, हा गैरसमज आहे. इतकी वर्षं तो न दिल्यामुळेच सहायकाची जागा पायरीसारखी वाटत राहिली.

नवे मुख्य प्रशिक्षक गोव्याहून आले, मामांपेक्षा वयाने बरेच लहान. मामा त्यांना सर म्हणतात, ते मामांना मामाच म्हणतात. सुरुवातीला एका सामन्याच्या मध्यंतरात कॉर्नरच्या मांडणीवरून दोघांनी पोरांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि आम्ही त्यावर गोल खाल्ला. दुसऱ्या दिवशी दोघं लेले मैदानाच्या कडेला तासभर बोलत बसले. तेव्हापासून मध्यंतरात एकच आवाज असतो, आणि कॉर्नरबद्दल तो मामांचा असतो.

या हंगामात आम्ही चषक जिंकला नाही. पहिल्या चार संघांत आलो. पण दुखणी लवकर कळायला लागली आहेत. वडगावचा लेफ्ट बॅक परत खेळतो आहे आणि पुन्हा कठड्यावर येऊन बसतो.

अजून दोन गोष्टी लटकलेल्या आहेत. बारा महिन्यांचं मानधन क्लबला पेलत नाही असं खजिनदारांचं म्हणणं आहे आणि उन्हाळ्यातले तीन महिने कापावेत असा त्यांचा प्रस्ताव आहे. माझा त्याला विरोध आहे. पंधरा वर्षांखालची तुकडी उन्हाळ्यातच वाढते, तेव्हाच शाळा बंद असतात. दुसरी गोष्ट मामांनी स्वतः मागितली आहे: क्लबमधून निवृत्त झालेल्या दोन खेळाडूंच्या डी लायसन्सचा खर्च क्लबने करावा. त्यांतला एक बैलहोंगलकडचा आहे, एक कॅम्पातला. दोघांनाही सहायक व्हायचं आहे, आणि पुढे मुख्य व्हायचं असेल तर त्यांनी व्हावं, असं मामांचं म्हणणं आहे. दोन्ही प्रस्ताव येत्या वार्षिक सभेत मतदानाला येतील.